छपरावरची वीज आणि भरवशाचा माणूस

आपल्या गच्चीवर पडणारं ऊन आजवर आपण कुरडया-पापड वाळवायला, फार तर धान्याला दाखवायला वापरत आलो. आता त्याच उन्हाची वीज करून घरात खेळवता येते आणि त्या कामाला सरकार पैशाची मदतही करते, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. देशातल्या एक कोटी घरांवर सौरसंच बसावेत हा तिचा संकल्प, आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत तिची मुदत. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षं मुलांना वीजकाम शिकवलं. योजनेची जाहिरात करण्याचा माझा विचार नाही. ती गावोगाव फलकांवर लागली आहे. अनुदान आणि तुमचं छप्पर यांच्या मधे जो एक माणूस उभा असतो, त्या संच बसवणाऱ्या ठेकेदाराविषयी मला बोलायचं आहे.

आधी पैशाचा हिशेब उरकून घेऊ. पहिल्या दोन किलोवॅटना दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० रुपये. त्यापुढे तुम्ही पाच किलोवॅट बसवा की आठ, मदत ७८,००० वरच थांबते. २०२५ मध्ये राज्य सरकारनेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिना शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी यात भर घालणारी योजना मंजूर केली. आपल्याकडे एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारएक युनिट देतो. श्रावणात कमी, चैत्रात जास्त. महिन्याला दीडशे युनिटांपर्यंत जाळणाऱ्या घराला एक ते दोन किलोवॅट पुरतात. मागच्या महिन्यांचा वापर तुमच्या वीजबिलावरच छापलेला असतो. तो न बघता जो ठेकेदार 'काका, पाचचाच घ्या' म्हणतो, तो तुमची गरज मोजत नाही, आपला नफा मोजतो.

आणखी एक गोष्ट कानात साठवून ठेवा. हे अनुदान ठेकेदाराच्या हातात पडत नाही. संच बसतो, वीज कंपनीची माणसं तपासणी करतात, नवा मीटर लागतो, आणि मग पैसे तुमच्या बँक खात्यात जमा होतात. तेव्हा 'सबसिडी मी मंजूर करून आणतो, त्याचे पाच हजार आगाऊ द्या' असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आमच्या मेहुण्यांनी मात्र चहाबरोबर पैसेही दिले. मोटारसायकलवरून एक पोरगा आला, गुळगुळीत कागदावरची चित्रं दाखवली, आणि निम्म्याहून अधिक रक्कम घेऊन गेला. दोन महिन्यांनी संच बसला खरा. पण लोखंडी सांगाडा रोवायला स्लॅबला भोकं पाडली ती तशीच ठेवली. आर्द्रा नक्षत्रात देवघरात पाणी ठिबकू लागलं. ते सोसलं असतं. एके दिवशी पावसात वहिनी गच्चीवर गेल्या आणि सांगाड्याला हात लागताच त्यांना झिणझिण्या आल्या. मी जाऊन पाहिलं, तर अर्थिंगची तार भिंतीवरून खाली आणून तुळशीमागच्या मातीत वीतभर खुपसून ठेवलेली! वहिनी वाचल्या हे नशीब. पोरगा फोन उचलेना.

आता तुम्ही म्हणाल, आपला गावातला वायरमन हे काम करणार नाही का? बल्ब, पंखा, मोटार यांत त्याचा हात चांगला असेल. पण ही वीज वेगळ्या जातीची. शाळेतल्या मुलांना दिष्ट प्रवाह आणि प्रत्यावर्ती प्रवाह हा भेद पुस्तकात असतो. छपरावर पॅनेलांमधून निघतो तो दिष्ट. पाच-सहा पॅनेलं एकामागे एक जोडली की दोन-तीनशे व्होल्ट सहज होतात. घरातलं मेन स्विच पाडलं की तार मेली, ही आपली आयुष्यभराची सवय. पण छपरावरच्या तारा ऊन आहे तोवर जिवंतच राहतात. शिवाय जोड सैल राहिला तर दिष्ट प्रवाहाची ठिणगी सहजी विझत नाही, कारण प्रत्यावर्ती प्रवाहासारखी ती क्षणोक्षणी शून्यावर येत नाही. ती जळत राहते आणि सोबत जोडही जाळते.

लोकांचा सर्वांत मोठा हिरमोड होतो तो भारनियमनाच्या दिवशी. बाहेर लख्ख ऊन, छपरावर पॅनेलं चमकताहेत, आणि घरात पंखा बंद! मग ठेकेदाराला शिव्या, सरकारला शिव्या. पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हा संच वीज कंपनीच्या लाइनीला जोडलेला असतो. डीपीवरून लाइन बंद करून लाइनमन खांबावर चढतो. त्या वेळी तुमच्या छपरावरची वीज उलटी लाइनीत शिरली, तर तो माणूस खांबावरच चिकटेल. म्हणून लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तशी त्याची रचनाच असते. लाइन नसतानाही दिवा हवा असेल तर बॅटरीचा निराळा संच लागतो, त्याचा खर्चही निराळा. चांगला ठेकेदार हे पैसे घेण्याआधी सांगतो. 'लाइट गेली तरी तुमच्या घरी चालूच' असं बिनबॅटरीच्या संचाविषयी जो सांगेल, त्याला हे काम कळत नाही किंवा तो खोटं बोलतो. आणि 'थोडी वायर फिरवून चालू ठेवून देतो' म्हणणारा तर खांबावरच्या माणसाच्या जिवाशी खेळतो.

मग बरा ठेकेदार ओळखायचा कसा? योजनेच्या सरकारी नोंदणीत ठेकेदारांची राज्यवार यादी आहे. गावातल्या सेवा केंद्रावर ती दाखवतील. नाव त्या यादीत आहे का ते पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका, नोंदणी म्हणजे हातातलं कसब नव्हे. त्याच्याकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना आहे का, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत परवानाधारक तारतंत्री आहे का, हे स्पष्ट विचारा. घरातलं वीजकाम परवानाधारकाकडूनच व्हावं हे १९५६ च्या वीज नियमांपासून चालत आलं आहे; विचारण्यात अपमान कसला? त्याने बसवलेल्या दोन घरांची नावं मागा. मात्र ती किमान एक पावसाळा काढलेली असावीत. कोकणातल्या मंडळींनी तर वाऱ्याचाही प्रश्न विचारावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनकडे किती पत्रे उडाले ते आपण पाहिलंच आहे. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला असावा आणि छपराला धरून असावा. थोडा उंच उभारून घेतलात तर खाली वाळवणालाही जागा राहते. पण नारळाची किंवा टाकीची सावली पडू देऊ नका. एका पॅनेलवर सावली आली की साखळीतल्या सगळ्यांचीच वीज खाली येते.

अनुदानासाठी पॅनेलं भारतात बनवलेली लागतात. करारात पॅनेलचा आणि इन्व्हर्टरचा बनाव, पैशाचे हप्ते आणि पाच वर्षांची देखभाल लिहून घ्या. शेवटचा हप्ता नवा मीटर फिरू लागल्यावर. मोबाइलवर येणारा आकडा कुणाला सांगू नका, यादीतल्या ठेकेदारालाही नाही.

गावाकडे एक अडचण हमखास येते. बिल अजून आजोबांच्या नावावर, आजोबा वारले त्याला पंधरा वर्षं झाली, आणि अर्ज करतो नातू. ग्राहक क्रमांकाचं नाव आणि अर्जदाराचं नाव जुळलं नाही की कागद अडतो. तेव्हा आधी वीज कंपनीच्या कचेरीत जाऊन नाव बदलून घ्या. घरात भाऊबंदांचा सवता सुभा असेल, तर छप्पर कुणाचं हेही एकदा बसून ठरवा. ठेकेदार या भानगडीत तुम्हाला काही सांगणार नाही, त्याला काम हवं असतं.

गुरुजींना एक विनंती. ही मदत राहत्या घरांसाठी आहे, शाळेच्या छपरासाठी नाही. पण शाळेत याचा उपयोग आहे. नवा मीटर घरात आलेली आणि घराबाहेर गेलेली अशी दोन्ही युनिटं दाखवतो. बाहेर गेलेली जादा युनिटं पुढच्या बिलात वजा होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, म्हणून 'बिल शून्य' या बोलण्यावर विसंबू नये. ज्यांच्या घरी असा मीटर आहे त्या मुलांना रोज संध्याकाळी दोन्ही आकडे वहीत लिहायला सांगा. वजाबाकी तर होईलच. आणि एखाद्या दिवशी लख्ख ऊन असूनही आकडा निम्म्यावर आला, तर बिघाड आधी त्या पोराच्याच ध्यानात येईल.

अर्थिंगचं शेवटी सांगतो, कारण तेच लोक विसरतात. पॅनेलच्या बाजूला एक, घराच्या बाजूला एक आणि तडितरक्षकाला एक, असे तीन वेगळे खड्डे हवेत. काम संपताना ठेकेदाराला तुमच्यासमोर उपकरण लावून प्रत्येक खड्ड्याचा रोध मोजायला लावा आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. पाच ओहमच्या आत असला तर बरा. उन्हाळ्यात जमीन भेगाळते तेव्हा हा आकडा चढतो. म्हणून चैत्र-वैशाखात पंधरा दिवसांनी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतत जा. पॅनेलं धुवायची ती सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, आणि गच्चीच्या कठड्यापासून जपून.