यंत्राचा कान आणि वऱ्हाडी ‘ळ’



बोललेले ऐकून लिहून काढणाऱ्या यंत्राविषयी आज आम्ही बोलणार आहोत. आणि त्यासाठी उदाहरणे घेतो ती आपल्याच गावाची आणि आपल्याच दैवताची. कळंब आणि चिंतामणी. दोन्ही शब्दांवर टिंब एकच. पण उच्चारून पाहा: कळंबात ते ‘म्’ होते, चिंतामणीत ‘न्’. पुढे ‘ब’ यायचा म्हटला की ओठ आधीच मिटतात. ‘त’ यायचा म्हटला की जीभ आधीच दातांकडे जाते. पाणिनीने हा नियम दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवला आहे.

यंत्र सेकंदाच्या शंभराव्या भागागणिक आवाजाचे माप घेते आणि ओळखीच्या ध्वनींच्या नमुन्यांशी ते ताडून पाहते. परंतु ध्वनी शेजाऱ्याचा गुण घेतो. म्हणून मागचापुढचा शेजारी धरून प्रत्येकाचे निरनिराळे नमुने करावे लागतात. असे हजारो मेळ होतात आणि त्यांतले कित्येक ध्वनिमुद्रणांत क्वचितच सापडतात. मग यंत्राकडून प्रश्न विचारवतात: पुढचा ध्वनी ओठांचा आहे काय? नाकातला आहे काय? ज्यांची उत्तरे जुळतात त्यांचा नमुना एक. ही वर्गवारी शाळेच्या भिंतीवरील वर्णमालेत मांडलेलीच आहे!

अक्षरावर मात्र भिस्त ठेवता येत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत ‘च’ एकच लिहितो, पण बोलतो दोन. आणि वऱ्हाडीत तर ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘केळी’ची ‘केयी’ होते. ही चूक नव्हे. ही बोलीची रीत आहे.

शेतमालाचे भाव दूरध्वनीवर विचारता यावेत म्हणून 2010 नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मराठीसाठी अशी यंत्रणा तयार करण्यात आली. तिच्यासाठी शेतकऱ्यांचेच आवाज नोंदवले गेले. अशा यंत्राच्या उच्चारकोशात ‘केळी’शेजारी ‘केयी’ नसेल, तर विचारणाऱ्याला भाव कळायचा कसा?

अलीकडची यंत्रे अफाट ध्वनिमुद्रणे ऐकून पुष्कळसे आपोआप शिकतात, हे खरे. पण जी बोली त्यांनी थोडीच ऐकली, तिच्यापाशी ती अडखळतात. तेथे व्याकरणाचे ज्ञान आजही उपयोगी पडते.

तेव्हा यंत्रापुढे उभे राहताना जीभ वळवू नका. कान वळवायचा आहे तो यंत्राने. ते कसे वळवावे हे सांगणारे, आपली बोली जाणणारे तरुण मात्र आपल्यातूनच निघाले पाहिजेत.