गुडघ्यामागची गाठ : आधी दाखवा, मग चोळा
(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा सारांश)

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणजे सुरुवातीपासूनच्या सभासदांच्या गुडघ्यांनीही पंचवीस वर्षं जिने चढले! म्हणून आज गुडघ्याबद्दल बोलतो, पण त्याच्या मागच्या बाजूबद्दल.

आपलं पेण गणपतीच्या मूर्तींचं गाव. कारखान्यात तासन्‌तास मांडी घालून बसणारे कारागीर येतात, रोह्याकडच्या भातलावणी करणाऱ्या बायका येतात. प्रश्न एकच : "डॉक्टर, गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ आलीय. कॅन्सर तर नाही ना?" बहुतेक वेळा नसतो.

गुडघ्यात वंगणासारखं पाणी असतं. सांधा झिजला किंवा आतली गादी फाटली की ते वाढतं आणि मागच्या पिशवीत शिरतं. वाट जवळजवळ एकेरी, त्यामुळे ते सहज परत फिरत नाही. हीच 'बेकर्स सिस्ट'. लंडनचे सर्जन विल्यम बेकर यांनी १८७७ साली तिचं वर्णन केलं. पाय सरळ केला की ती कडक लागते, दुमडला की मऊ. सुईनं पाणी काढलं तरी गुडघा तसाच राहिला तर ती पुन्हा भरते. म्हणून उपचार गुडघ्यावर करायचे : वजन कमी, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, उकिडवं बसणं टाळणं. लहान मुलांत ती बहुधा आपोआप जिरते.

रोह्याच्या एका मावशींची गाठ अचानक नाहीशी झाली आणि पोटरी टम्म सुजली. घरच्यांनी दोन दिवस तेल लावून चोळली. सोनोग्राफीत कळलं, गाठ फुटून पाणी पोटरीत उतरलं होतं. त्यांचं निभावलं. पण शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच सुजते, आणि ती चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नुसतं बघून मलाही खात्रीनं फरक सांगता येत नाही, बरं का!

काही गाठी वेगळ्या असतात. हाताला ठोके लागले तर ती फुगलेली धमनी असू शकते. साठीपुढच्या, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांनी हे लक्षात ठेवावं. तिथे सुई टोचणं जिवावर बेतेल. पायाला जखम असेल तर अवधाण येतं. मऊ, सरकणारी गाठ बहुधा चरबीची. टणक, वाढत जाणारी, रात्री ठणकणारी गाठ मात्र लवकर तपासून घ्यावी.

साधी, न दुखणारी गाठ आठवडाभरात दाखवली तरी चालेल. पोटरी सुजली, पाऊल गार पडलं किंवा गाठ लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी या. दम लागला, छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

तेलाची बाटली नंतरही मिळेल. पुढच्या पंचवीस वर्षांचे जिने अजून चढायचेत.