नावातली एक वेलांटी

आपल्या गटांत एखादी सुनीता असतेच. कुणी तिचं नाव पहिल्या वेलांटीनं लिहितं, कुणी दुसरीनं. आपण बाई एकच ओळखतो. कॉम्प्युटर मात्र दोन समजतो. मग फॉर्म परत येतो, पैसे अडकतात.

असं का होतं? जावा ही प्रोग्रामिंगची भाषा १९९५ साली आली. तिच्यात मजकुराला ‘स्ट्रिंग’ म्हणतात, म्हणजे चिन्हांची माळ. ‘सुनीता’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात. जावा सहा मणी मोजते: स, उकार, न, वेलांटी, त, काना. नावामागे मोकळी जागा सुटली, तर सात!

या माळेला स्वतःची कामंही येतात. ‘लेंग्थ’ म्हटलं की ती आपले मणी मोजून सांगते. ‘इक्वल्स’ म्हटलं की दुसऱ्या माळेशी मणी न् मणी ताडून पाहते. ‘ट्रिम’ म्हटलं की कडेच्या मोकळ्या जागा छाटून नवी माळ देते, जुनी तशीच राहते.

मोकळी जागा यंत्र छाटेल. पण वेलांटी कोणती खरी, हे त्याला कसं कळणार? ते आपणच सांगायचं. पुढच्या बैठकीत पासबुक, आधार कार्ड आणि गटाचं रजिस्टर शेजारी ठेवून प्रत्येकीचं नाव ताडून पाहू. फॉर्म भरणाऱ्याला म्हणू, “दादा, काय लिहिलंत ते वेलांटीसकट वाचून दाखवा.” नाव आपलं आहे, विचारायला लाजायचं कशाला?