मुष्टिफंडाच्या गावात स्वागत



स्वागताध्यक्षाने गावाचा गौरव करावा आणि लवकर खाली बसावे, असा संकेत आहे. साताऱ्याच्या गौरवाचे काम मी कंदी पेढ्यांवर सोपवतो.

सामाजिक न्यायाच्या कामासाठी निधी कसा शोधावा, हा या परिषदेचा विषय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवले. त्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि घरोघरच्या बायकांनी मूठ मूठ धान्य बाजूला काढले. तो मुष्टिफंड. संस्थेने सरकारी अनुदानही घेतले. 1948 मध्ये सरकारने ते रोखले, तेव्हा संस्थेसाठी बोलायला लोक पुढे आले. मूठभर धान्य देणाऱ्याला संस्था आपली वाटते, एवढेच त्यातून मी घेतो. मुष्टिफंडावर आजची संस्था चालवा, असा उपदेश करणार नाही. अट्रॉसिटीच्या खटल्यातला साक्षीदार जिल्हा न्यायालयात आणायचा तर एस.टी.चे भाडे लागते, त्याचा बुडालेला रोजही द्यावा लागतो.

ते पैसे कुठे आहेत? कंपनी कायद्याच्या 135व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. सामाजिक-आर्थिक मागास गटांच्या वाट्याची विषमता कमी करणे, हा विषय त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टातच आहे. तरी ‘हक्क’ शब्द ऐकला की कंपनीतले साहेब जरा सावरून बसतात. शाळेची रंगरंगोटी फोटोत दिसते. एकल बाईचे नाव सातबाऱ्यावर चढले, त्याचा फोटो काय काढणार? म्हणून अर्जात आकडे द्या: किती वनहक्क दावे दाखल झाले, किती मंजूर, किती जातप्रमाणपत्रे हातात पडली. मात्र देणगीदाराला आवडते म्हणून हक्काच्या कामाला ‘जनजागृती’ म्हणू नका. वर्षभरात खरोखरच तेवढेच काम उरते.

परदेशी निधीची वाट एफसीआरए कायद्याच्या 2020च्या दुरुस्तीनंतर अरुंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20वर आली, आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसरीला देण्यावर बंदी आली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या गटाला जो हिस्सा मिळे, तो थांबला. माझ्या मते सगळ्यात मोठा घाव हाच.

आता कागद. आयकराच्या बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदण्या हाताशी असल्याशिवाय कंपन्यांच्या निधीसाठी लागणारा सीएसआर-1चा नंबर सहसा मिळत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. खरी गोम धर्मादाय कार्यालयात असते. विश्वस्त बदलले, चेंज रिपोर्ट 90 दिवसांत द्यायचा राहून गेला, आणि ट्रस्टच्या नोंदीच्या परिशिष्ट एकवर अजून दिवंगत अध्यक्षांचेच नाव! अर्ज कितीही देखणा असो, छाननीत तो इथेच अडतो.

म्हणून आम्ही भाषणे कमी ठेवली आहेत. डाव्या दालनात सनदी लेखापाल आणि ट्रस्टचे काम पाहणारे वकील बसले आहेत; ट्रस्टच्या नोंदीचा (पी.टी.आर.) उतारा आणि ऑडिट अहवाल आणला असेल तर आधी तिकडे जा. उजवीकडे अंदाजपत्रक मांडण्याचा सराव आहे. त्यात कार्यकर्त्यांचे मानधन पूर्ण लिहा, संकोच करू नका. जेवण दीड वाजता, पिठलं-भाकरी आणि ठेचा.

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. अध्यक्ष महोदयांनी परिषद सुरू करावी, ही विनंती.