रक्त खेचणारा पंप



पंचगंगेच्या काठावर मोटार चालवणाऱ्या शेतकऱ्याला पंपाचं शास्त्र सांगायला नको. मोटारीनं हवा धरली की पाणी चढत नाही, हे तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. पण पाण्याऐवजी रक्त खेचायचं म्हटलं की सगळा हिशेब बदलतो.

हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. तेवढं लहानशी मोटारही खेचेल. अडचण रक्ताची आहे. अरुंद फटीत जोरानं घासल्या की तांबड्या पेशी फुटतात, आणि रक्त जिथं रेंगाळतं तिथं गुठळी धरते.

तरीही ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. २६ मिनिटं तिचं रक्ताभिसरण पूर्णपणे हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर होतं. त्या यंत्रात रोलर पंप होते: रूळ बाहेरून नळी दाबत फिरतात आणि आतलं रक्त पुढं सरकतं. रचना साधी, पण नळीत हवा शिरली तर हा पंप तीही रुग्णाच्या धमनीकडं ढकलतो. आपल्या शेतातल्यासारखा सेंट्रीफ्युगल पंप मात्र जास्त हवा आली की ओढच सोडतो. शेतात ज्या खोडीला आपण वैतागतो, तीच इथं बऱ्याच अंशी जीव राखते! मला याचं फार अप्रूप वाटतं.

दुसरी गोष्ट ग्लँडची, म्हणजे फिरता शाफ्ट जिथून पंपात शिरतो तिथल्या सीलची. शेतातल्या पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी ठिबकावंच लागतं, नाहीतर ती तापते. रक्ताच्या पंपाला हे कसं चालावं? सीलपाशी ऊब आणि घर्षण म्हणजे गुठळीला आमंत्रणच. मग संशोधकांनी शाफ्टच काढून टाकला. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'हार्टमेट ३' या कमजोर हृदयाला मदत करणाऱ्या पंपाचा रोटर चुंबकाच्या बळावर तरंगतो, कुठंच टेकत नाही. हा पंप हृदयाच्या टोकाशी बसवतात. रक्त आत साचू नये म्हणून दर दोन सेकंदांनी त्याचा वेग खाली-वर होतो. वीज मात्र अजून पोटाच्या कातडीतून आत गेलेल्या तारेनंच पुरवावी लागते, आणि तिथं जंतुसंसर्गाची धास्ती कायम असते.

असा पंप आज सामान्य घराच्या आवाक्यात नाही, याची मला खंत आहे. पण इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चक्र, ओतणारे, कातणारे हात आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत आहेत. ग्लिसरीन मिसळून रक्ताइतकं दाट केलेल्या पाण्यावर अशा पंपांच्या प्राथमिक चाचण्या घेतात. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी निदान तेवढं चाचणीचं टेबल या वर्षी उभं करावं, अशी माझी विनंती आहे.