सहा अंकांची वजाबाकी

सिंगापूरच्या पूर्वेकडे बेडोक ही मोठी वसाहत आहे. तिथल्या बेडोक नॉर्थ स्ट्रीट १ वरच्या २१६ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये मंडई आणि हॉकर सेंटर आहे. त्याचा पिनकोड ४६०२१६. सिंगापुरात १९९५ पासून पिनकोड सहा अंकी झाले. पहिले दोन अंक विभागाचे. सरकारी वसाहतींत शेवटचे अंक सहसा ब्लॉकचा क्रमांक सांगतात.

४६०२१६ या संख्येत पाहण्यासारखे काय आहे, हे सांगायला नाशिकजवळच्या देवळालीचे एक शाळामास्तर हवेत.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शिक्षक होते. १९४९ साली त्यांनी एक साधी वजाबाकी जगापुढे ठेवली. चार अंकी संख्या घ्यायची. सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कोणतीही संख्या फार तर सात पायऱ्यांत तिथे पोहोचते. १९७५ साली गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि हे नाव जगभर गेले.

आता बेडोकची संख्या. ६६४२१० मधून ०१२४६६ गेले, उरले ६५१७४४. पुढची उत्तरे ६२०८७४ आणि ८५१७४२. त्यानंतर ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि पुन्हा ८५१७४२! सात संख्यांचे हे चक्र कधीच थांबत नाही.

यातले प्रत्येक उत्तर ९ ने भागले जाते. दहा आणि एक, शंभर आणि दहा, शंभर आणि एक, कोणत्याही दोन स्थानांच्या किमतींत ९ च्या पटीचेच अंतर असते. म्हणून अंकांची जागा बदलून केलेली वजाबाकी नेहमी ९ च्या पटीत येते.

सहा अंकांत स्थिर राहणाऱ्या संख्या दोनच आहेत: ५४९९४५ आणि ६३१७६४. बाकीच्या बहुतेक संख्या बेडोकच्या या संख्येप्रमाणे चक्रात फिरत राहतात. अशा वजाबाक्यांना कागद, पेन्सिल आणि चिकाटी पुरते.

पाच अंकांत तर एकही स्थिर संख्या नाही, नुसती चक्रे आहेत. ती किती आणि कोणती, हे मुलांना शोधू द्या. बेडोकला असोत की देवळालीला, पालकांनी कॅल्क्युलेटर तेवढा बाजूला ठेवायला सांगावा.