राज्याचा धनी कोण? राज्यपालांच्या निवडणुकीची हकीकत



ग्रामपंचायतीस आपण मत देता, जिल्हा परिषदेस देता, विधानसभेस आणि लोकसभेसही देता. परंतु ज्यांच्या नावाने राज्याचा सर्व कारभार चालतो त्या राज्यपालांसाठी आपणांस मत देण्याचा प्रसंग कधीच येत नाही. पोलादपूरकडच्या एका वृद्ध भगिनीने मला सरळच विचारले, "सरपंच आम्ही निवडायचा, आणि राज्याचा धनी कोणी निवडायचा?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साधे नाही. तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

'धनी' हा शब्द त्या बाईंच्या तोंडी उगाच आला नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटास इंग्रजी अमदानीत फिट्झजेराल्ड घाट म्हणत. फिट्झजेराल्ड हे मुंबईचे गव्हर्नर होते. महाबळेश्वरची माल्कमपेठ ही दुसऱ्या एका गव्हर्नराच्या नावाची. उन्हाळा आला की गव्हर्नरसाहेब सर्व सरंजाम घेऊन त्या डोंगरमाथ्यावर थंड हवेला जात, आणि खालच्या खोऱ्यातील माणसाला त्यांचे दर्शन झालेच तर लांबून होई. हा गव्हर्नर विलायतेहून नेमून येई. १९१९ च्या कायद्याने कायदेमंडळात लोकांचे प्रतिनिधी वाढले आणि शिक्षणासारखी काही खाती मंत्र्यांकडे गेली. तथापि जमीनमहसूल आणि पोलीस ही खाती गव्हर्नरांनी आपल्याच हाती राखली. ज्या दोन खात्यांचा हात गरिबाच्या मानेपर्यंत पोहोचतो, नेमकी तीच दोन !

अशा त्या कौन्सिलात बाबासाहेब आंबेडकर १९२७ च्या फेब्रुवारीत गेले, ते निवडून नव्हे, तर गव्हर्नरांनी नेमलेले सभासद म्हणून. त्या काळी मताचा अधिकार मालमत्तेवर होता. ज्यांच्याजवळ मालमत्ताच नव्हती त्यांना मत कोठून असणार? म्हणून गव्हर्नरांनी कृपा करून एकदोन माणसे नेमावयाची, अशी ती रीत होती. शपथ घेतल्यानंतर महिन्याभरातच, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब ह्या महाडात चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. त्याच कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत झाला होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. ठराव कागदावर होते आणि पाणी तळ्यात होते. मधले अंतर मात्र कोणत्याही गव्हर्नराच्या हुकुमाने तुटले नाही. ते लोक चालून गेले तेव्हा तुटले, आणि न्यायालयाच्या कायम निकालाला तर १९३७ साल उजाडावे लागले.

नेमणुकीची ही कृपा काय किमतीची असते हे बाबासाहेबांनी आतून पाहिले होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी स्पष्ट मागणी केली, ती अशी की नेमलेले सभासद नकोत, निवडलेले हवेत, आणि मताचा अधिकार प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास हवा. मग ज्या पुरुषाने नेमणुकीविरुद्ध इतका झगडा केला, त्याच्याच देखरेखीखाली तयार झालेल्या राज्यघटनेत राज्यपाल मात्र नेमलेला कसा? येथे विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

मूळ बेत निराळाच होता. १९४७ च्या जुलै महिन्यात सरदार पटेलांच्या समितीने प्रांतिक घटनेची जी तत्त्वे घटना समितीपुढे ठेवली, त्यांत राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट लोकांनी निवडावा असेच होते, आणि घटना समितीने ते मान्यही केले होते. १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय आले. एक, थेट निवडणूक. दुसरा, विधिमंडळाने चार नावे निवडावीत आणि त्यांतील एकास राष्ट्रपतींनी नेमावे. मग ३० आणि ३१ मे १९४९ ह्या दोन दिवसांत सारे पालटले. बिहारचे ब्रजेश्वर प्रसाद ह्यांनी दोन्ही पर्याय काढून राष्ट्रपतींनीच नेमणूक करावी अशी दुरुस्ती मांडली. पंडित नेहरूंनी तिला पाठिंबा दिला, आणि ती संमत झाली. आजचे १५५ वे कलम ते हेच.

बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता की, राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे आहे. त्याला स्वतःची अशी सत्ता नाही. आहेत ती कर्तव्ये. मंत्रिमंडळास सावध करावे, फेरविचार करावयास सांगावे, इतकेच. ज्या पदाला केवळ शोभा आहे त्याच्यासाठी साऱ्या प्रांताची निवडणूक कशाला? ह्यातला आणखी एक अर्थ आपण आपल्या खिशावरून ताडून पाहावा. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदारसंघ २८८ आहेत आणि २०२४ साली मतदार नऊ कोटींहून अधिक होते. एवढ्या मुलखात प्रचार करून निवडून येण्याची ऐपत कोणाची? आपल्या वस्तीतील कोणाची तर खास नव्हे. आणि निवडून आलेला तो पुरुष मग राजभवनात स्वस्थ बसेल काय? मलाही लोकांनीच पाठविले आहे, असे म्हणून तो मुख्यमंत्र्यांशी भांडेल, आणि एका म्यानात दोन तलवारी होतील.

म्हणजे विसंगती नाही. जेथे सत्ता आहे तेथे निवडणूक हवीच. जेथे सत्ता ठेवलीच नाही तेथे ती नको, असा तो हिशेब आहे.

परंतु हिशेबात एक खाच राहिली, आणि ती त्याच वेळी ओरिसाच्या विश्वनाथ दास ह्यांनी दाखवून दिली होती. दिल्लीत एक पक्ष आणि प्रांतात दुसरा असला म्हणजे दिल्लीने नेमलेला राज्यपाल कोणाचा? (हेच दास पुढे १९६२ ते १९६७ उत्तर प्रदेशाचे राज्यपाल झाले; नेमलेलेच !) १९८० च्या फेब्रुवारीत दिल्लीत सत्ता पालटताच नऊ राज्यांच्या विधानसभा एकदम विसर्जित झाल्या, त्यांत आपली होती. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईत लोक झोपेतून उठण्यापूर्वीच राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी राजभवनात मुख्यमंत्र्यांची शपथही झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी पाठविलेली बारा नावे ते मंत्रिमंडळ जून २०२२ मध्ये जाईपर्यंत राज्यपालांकडे निर्णयाविना राहिली. त्याच जूनमध्ये राज्यपालांनी बहुमत सिद्ध करावयास सांगितले ते उचित नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. शोभेच्या पदाने इतके करावे !

तरी निवडणुकीने हे दुखणे बरे झाले असते असे मला वाटत नाही. नेमलेल्या राज्यपालास, तुझी मर्यादा ही, असे न्यायालय सांगू शकते. १९९४ च्या बोम्मई निकालाने, बहुमताचा निर्णय राजभवनात नव्हे तर सभागृहात व्हावा, असे ठरवून दिलेच आहे. नऊ कोटींचे मत पदरी घेऊन बसलेल्यास आवरणे ह्याहून कठीण गेले असते. म्हणून त्या वृद्ध भगिनीस मी सांगितले, "बाई, तो धनी नव्हे. महाडच्या मतदारसंघातून तुम्ही जो आमदार पाठविता, मंत्रिमंडळाचा जाब घेणारा तो."

त्यांचे समाधान झाले नाही. "मग आपला माणूस तिथे कधी बसायचा?" असे त्यांनी विचारले. तेही घडले आहे. दीक्षाभूमी स्मारक समितीचे अध्यक्ष आणि आपल्या विधान परिषदेचे सभापतिपद भूषविलेले रा. सू. गवई २००६ साली बिहारचे राज्यपाल झाले आणि २००८ साली केरळचे. त्याच बिहारात थोड्याच काळापूर्वी बुटासिंग हे दलित राज्यपाल होते. त्यांच्या शिफारशीवरून विधानसभा विसर्जित झाली, ती न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. दोघांनीही जी शपथ घेतली ती १५९ व्या कलमातील एकच होती: राज्यघटनेचे जतन व संरक्षण करीन आणि राज्यातील जनतेच्या सेवेस वाहून घेईन. मी ती त्या बाईंना मराठीत वाचून दाखविली, आणि त्यांनी ती पुन्हा एकदा वाचावयास सांगितली.